अक्काच्या एकसष्ट खुशाल्या

॥ श्री महात्मा बसवेश्वर प्रसन्न ॥

वालूर, ता. सेलू
१६ फेब्रुवारी १९९४

तीर्थस्वरूप भागम्माअक्का यांच्या चरणी धाकटी बहीण गौराबाई हिचा शरणार्थ. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवत जावी.

(ही वरची ओळ बसवराजनं मी तोंड उघडायच्या आधीच लिहून टाकली. मी पानाला चुना लावीतच होते, तेवढ्यात साहेबांची खुशाली लिहून झाली होती. त्या ओळीवर माझा लय राग आहे. का, ते पुढं येईल. खोडायला निघाला होता, म्हटलं राहू दे, कामाला येईल.)

अक्का, तुझे गुडघे कसे आहेत, उरलेल्या डोळ्यात औषध घालतेस का, सून तुझ्या दातांजोगी मऊ भाकरी करून देते का, हे एकेक वेगळं सांग. सगळं एका शब्दात गुंडाळू नको. माझं म्हणशील तर चार दात आहेत, पण ते एकमेकांना भेटत नाहीत, भाऊबंदकीसारखं. कान मात्र शाबूत आहेत आणि घरातल्यांना त्याचाच जास्त त्रास आहे. हे पत्र लिहायलाय तुझा भाचा बसवराज. मी ‘हाय’ म्हणते, तो ‘आहे’ लिहितो. मी ‘न्हाई’ म्हणते, तो ‘नाही’ लिहितो. वीस वर्षं सेलूत पोरापोरींना टायपिंग शिकवून त्याच्या बोटांना शुद्ध बोलायची सवय लागलीय, तोंडाला मात्र अजून लागली नाही. आज त्याला अट घातलीय की मी सांगीन त्यातलं काही गाळायचं नाही, त्याच्याबद्दल असलं तरी. (कबूल केलं आहे. — बसवराज)

झालं असं की मागच्या पावसाळ्यात माळवदाच्या कोपऱ्यातून वाळवी उतरली आणि कागदांच्या दुरडीला लागली. तुला ठाऊक आहे, आमच्या घरातली कागदं माझ्याकडं असतात. मला एक अक्षर येत नाही, म्हणूनच सासऱ्यांनी ती माझ्या हवाली केली होती. ही वाचणार नाही, म्हणजे गावभर करणार नाही, असा त्यांचा हिशेब. तेव्हापासून चाळीस वर्षं मी ती माझ्या पद्धतीनं लावलेली. जमिनीची कागदं पिवळ्या फडक्यात. ती निजामाच्या वेळची, जाड, त्यांना हिंगाच्या डब्याचा वास. पोरांचे दाखले मांजरपाटाच्या पिशवीत. लग्नाच्या पत्रिका ट्रंकेत, ज्यांचा संसार नीट चालला त्या वर, ज्या पोरी माहेरी परत आल्या त्या तळाशी. (एक पत्रिका दोनदा खाली गेली आणि दोनदा वर आली. ती कोणाची ते तुला कळलं असेल.) आणि तुझी कार्डं दुरडीत, एकसष्ट. डोळे मिटून हात घातला तरी पाहिजे तो कागद हाताला यायचा. तुझं कार्ड मी कसं ओळखायची, ते इथं सांगत नाही. बसवराजला वाटतं मी रंगावरून ओळखते.

वाळवीनं तुझ्या तीन कार्डांचे कोपरे खाल्ले. तेवढ्यावर बसवराजच्या डोक्यात आलं की घरातली सगळी कागदं कंप्युटरमध्ये घालायची. कंप्युटर त्यानं औरंगाबादहून आणला होता, कोणाचा तरी वापरलेला, क्लाससाठी म्हणून. टायपिंगच्या मशीनींचं आता काही खरं नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. क्लासात तर जागा नाही, म्हणून तो डबा वालुरात आला, धान्याच्या खोलीत. जवारीची पोती बाहेर ओसरीवर आणि हा आत, कापडाखाली. त्या खोलीत जाताना चपला काढायच्या, जोरात बोलायचं नाही, पदरानं पुसायचं नाही. मला वाटलं, एवढं सोवळं आहे तर हा देवच असेल. म्हणून पहिल्या दिवशी मी त्याला ओली विभूती लावली. याचं कपाळ कुठं असतं, हे बसवराजला विचारूनच लावली, कोणाला चुकीच्या जागी लावू नये. तरी राख खाली अक्षरांच्या बटणांत गेली आणि साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. (एक दिवस. आणि ‘स’ अजून अडकतो. — बसवराज)

मग रोज संध्याकाळी वीज असेल तोवर हा बसायचा आणि टकटक करून एकेक कागद आत घालायचा. चार महिने. तुझी कार्डं त्याला सगळ्यात सोपी गेली, कारण प्रत्येकाच्या वरच्या तीन ओळी एकच. ‘इकडील सर्व खुशाल, देवाच्या कृपेने कमी नाही, तिकडील खुशाली कळवणे.’ हा हुशार. त्यानं त्या ओळी एकदाच लिहिल्या आणि एकसष्ट पत्रांना डोक्यावर चिकटवल्या, जशी एकाच ताग्यातली टोपी घरातल्या सगळ्या पोरांना शिवतात. आत गेली म्हटल्यावर कागदं काय करायची? देवाचं नाव लिहिलेला कागद चुलीत घालत नाहीत, म्हणून मडक्यात भरून नदीत सोडली. मला विचारलं होतं. मी हो म्हटलं. तो म्हणाला, “आई, आता कायमची ऱ्हातील, वाळवीचा बाप आला तरी.” मी विश्वास ठेवला. त्याच्यावर ठेवला, त्या डब्यावर नाही, हे पत्रात आलं पाहिजे.

आता पंचाईत पुढची. आत गेलेली कागदं कशीही पडलेली. तुझ्या पत्राशेजारी विहिरीचा नकाशा, त्याच्याशेजारी सून महानंदाच्या बाळंतपणाचा कागद. बसवराज म्हणाला, “ह्याला लावायचं सॉफ्टवेअर लागतं, आई. ते कागदं आपोआप लावतं.” मी म्हटलं, “अन् मी चाळीस वर्सं काय करायले?” तर म्हणाला, “तुझं बरोबर हाय, पण तुला आत शिरता येत न्हाई.” हे खरं होतं.

मग सॉफ्टवेअरचा शोध. लग्नाला स्थळं पाहतात तसा. पहिलं आणलं ते जिनिंगमध्ये कापसाची आवक लावायचं होतं. ते प्रत्येक कागदाला विचारायचं, किती क्विंटल? भरल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. बसवराजनं तुझ्या प्रत्येक पत्राला एक क्विंटल लिहिलं आणि दहा पत्रांनंतर त्याची त्यालाच लाज वाटली. दुसरं आलं नांदेडहून. ते दिसायला देखणं, पण त्याला आत जायचा एक परवलीचा शब्द होता आणि तो शब्द ठाऊक असलेल्या माणसाची नागपूरला बदली झालेली. बसवराज दोन दिवस सगळ्या देवांची नावं घालून बसला. मग पोरांची घातली. मग माझ्याकडं येऊन म्हणाला, “आई, दादांचं पूर्ण नाव एकदा तोंडानं म्हण, कसं लिहायचं बघतो.” मी आयुष्यात ह्यांचं नाव घेतलं नाही ते एका डब्याचं दार उघडायला घेईन?

तिसरा आला चंद्रभान. परभणीत कंप्युटरचा क्लास चालवतो, बसवराजच्या शाळेतला. त्यानं सॉफ्टवेअर स्वतः लिहिलेलं. माणूस चांगला, भाकरी मागून घेतो. त्यानं मला समजावून सांगितलं, कारण मी दारात बसून उठेचना. म्हणाला, “काकू, हे तीन कामं करतं. कागदं तारखेनं लावतं, नावं बदलायची तर एका ओळीत बदलतं, अन् एकच कागद दोनदा आला असला तर जादाचा काढून टाकतं.” नाव एका ओळीत बदलतं, म्हणे. या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला, त्या एका नावासाठी सोळा वर्षं आपल्या मुलखात किती घरं जळाली, किती माणसं गाव सोडून गेली, ते तू चुडाव्यात पाहिलंस, मी इथं पाहिलं. आणि इथं बोट टेकवलं की नाव बदललं.  चंद्रभान दुसरीकडं बघत होता.

तारखेचं मात्र गमतीचं झालं. त्या डब्याच्या पोटात एक घड्याळ असतं आणि त्याला एक छोटा सेल असतो. तो सेल औरंगाबादलाच मेलेला. त्यामुळं डबा दर वेळेस उघडला की त्याला वाटतं आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. मग काय, चार महिन्यांत आत घातलेल्या सगळ्या कागदांवर एकच तारीख. विहीर खोदली तीही त्याच दिवशी, हे गेले तेही त्याच दिवशी, महानंदाची पोरगी झाली तीही. मला हसू आवरेना. बसवराजला म्हटलं, “हा तर तुमच्या हेडमास्तरचा भाऊ हाय.” तुला आठवत असेल, शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर विचारायचे, जन्म कधीचा, आणि आपण म्हणायचो, जवारी हुरड्यात आली होती तेव्हाचा. मास्तर हो म्हणायचे आणि एक जून लिहायचे. बसवराज एक जूनचा, चंद्रभान एक जूनचा, शेजारचा आश्रुबा एक जूनचा. तो म्हशीमागं लागला म्हणून सहा वर्षं उशिरा शाळेत गेला तरी एक जूनचाच. पुढं सगळे एकाच दिवशी रिटायर होतील आणि त्या दिवशी वालूरचं सगळं सरकार बंद पडेल.

हसत होते तोवर ठीक होतं. चंद्रभाननं बटण दाबलं. सॉफ्टवेअरनं तुझं पहिलं पत्र पाहिलं, दुसरं पाहिलं. तारीख एक. वरच्या तीन ओळी एक. ते त्याच्या परीनं शहाणं. त्यानं ठरवलं, हे तेच पत्र दुसऱ्यांदा आलंय. तिसरं आलं, तेही तेच. असं करत त्यानं साठ पत्रं जादाची म्हणून काढून टाकली, अर्ध्या मिनिटात, विचारलंसुद्धा नाही. विजेच्या भीतीनं दुसऱ्या फ्लॉपीत उतरवून ठेवायचं ते बसवराजनं उद्यावर टाकलं होतं. कागदं तर आधीच नदीत. (ही चूक माझी आहे, चंद्रभानची नाही. — बसवराज) दोघांची आहे, पण तू लिहिलंस ते बरं केलंस.

एकसष्टातलं एक राहिलं. मी म्हटलं, वाच. बसवराजनं वाचलं. ‘इकडील सर्व खुशाल, देवाच्या कृपेने कमी नाही, तिकडील खुशाली कळवणे. पाऊस बरा आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. हरभरा पाठवीन.’ बस. अक्का, ते कार्ड मला पक्कं आठवतं. ते आलं त्या महिन्यात तुझा डोळा गेला होता. मला कधी कळलं? पुढच्या वर्षी कस्तुराबाईच्या लग्नात, तू सुईत दोरा ओवताना सुईच्या शेजारच्या हवेत ओवत होतीस तेव्हा. म्हैस व्याल्याचं लिहिलंस, रेडी झाल्याचं लिहिलंस, डोळ्याचं नाही.

बसवराज चार दिवस नीट जेवला नाही. तोंड असं केलं होतं की जणू त्यानं साठ माणसं नदीत सोडली. पाचव्या दिवशी मी त्याला म्हटलं, “चल आत. मी सांगते, तू घाल.” तो म्हणाला, “तुला पाठ हायेत?” मी म्हटलं, “ज्याला वाचता येतं त्याला पाठ करायची गरज न्हाई. मला कुठं वाचता येतं?” तुझं प्रत्येक कार्ड मी कोणाकडून तरी वाचून घेतलेलं. कधी पोस्टमन, कधी देवळातले जंगमस्वामी, कधी बसवराज. कोण वाचताना कुठं अडलं, कोणी कुठं खाकरलं, कोणी एक ओळ गिळली, हे सगळं माझ्याकडं आहे. मग मी सांगत गेले. एक पत्र, जवारी झाली म्हणून लिहिलेलं. त्या साली तुमची वाटणी झाली आणि तुला स्वयंपाकघर सोडून गोठ्याशेजारची खोली आली. एक, पाहुणे येऊन गेले म्हणून. ते पाहुणे तुझी नात बघायला आले होते आणि नको म्हणून गेले. एक, मागच्या वर्षी भूकंप झाला त्यानंतरचं, त्यात फक्त खुशाल, पण वाचताना पोस्टमन म्हणाला, “मावशी, अक्षर लय हाललंय.” मी सांगत होते आणि बसवराज टकटक करत होता, आणि मधेच थांबून म्हणाला, “आई, हे मावशीनं लिहिलंच नव्हतं. मी स्वतः टाइप केलं होतं, मला ठाऊक हाय.” मी म्हटलं, “लिहिलं नव्हतं म्हणूनच सांगायले.”

ते उरलेलं एक धरून बावन्न झाली आहेत, नऊ आठवेनात. त्या नऊ वेळेस तू बहुतेक खरंच खुशाल होतीस.

मी त्या डब्यावर फार रागावले नाही, अक्का. विचार केला तर त्याचं काय चुकलं? तीस वर्षं तू एकच पत्र लिहीत आलीस. मीही तेच लिहीत आले. ह्यांना पक्षाघात झाला तेव्हा मी तुला काय कळवलं होतं? सर्व खुशाल. तू सांगणार, तुझा मन्मथअप्पा लिहिणार. इकडं बसवराज वाचणार, मी ऐकणार. दोन बहिणींच्या मधे दोन शिकलेली पोरं उभी, आणि पोरांसमोर आई काय रडणार? एवढ्याशा कार्डात गुडघे, सून, गोठा, डोळा एवढं सगळं मावत नाही, म्हणून आपण ते घडी घालून त्या तीन ओळींत ठेवलं आणि समोरची उलगडून घेईल असं धरून चाललो. मी उलगडत आले, कधी बरोबर, कधी चूक. डब्याला उलगडता आलं नाही, एवढंच.

बाकी इकडचं: हरभरा बरा आहे, करडई फुलात आहे, महानंदा तुला नमस्कार सांगते. तुझ्या सुनेला आणि नातवंडांना आशीर्वाद. मन्मथअप्पाला सांग, पत्र वाचताना घाई करू नको, मी सांगताना केलेली नाही. लहानपणी तुझ्या अंगठ्यावर मी विळा मारला होता, बोरीच्या झाडाखाली, त्याची माफी मी अजून मागितलेली नाही. ती आज मागते. तू आईला ‘दगड लागला’ म्हणून सांगितलं होतंस. तेव्हापासूनची तुझी ही खोड.

तुझी धाकटी,
गौरा

ता. क. — जवसाची चटणी संपली आहे. कोणी सेलूकडं येणारं असेल तर पाठवावी. चंद्रभाननं सॉफ्टवेअर दुरुस्त केलं आहे. आता ते काढून टाकायच्या आधी विचारतं. मी त्याला म्हटलं, माझ्या अक्कालाही असंच एखादं बसवून दे, लपवायच्या आधी विचारणारं. (घड्याळाचा सेल परभणीत मिळाला नाही. — बसवराज)

ता. क. दुसरा — ही अक्षरं सून महानंदाची आहेत. बसवराज सेलूला क्लासला गेलाय, पाकीट चिकटवायचं काम तिच्याकडं आहे, तोवर लिहून घेते. चटणीचं खरं नाही, चटणी घरात भरून पडली आहे.

अक्का, तुझं कार्ड मी कसं ओळखायची ते आता सांगते. तू सांगून झालं, मन्मथअप्पानं लिहून झालं, की पूजेतली ओली विभूती लावून तू कोपऱ्यात अंगठा उठवायचीस. मला वाचता येत नाही म्हणून. वाळला की पांढरा, त्यावर मधोमध आडवी रेघ, माझ्या विळ्याची. मी कार्ड हातात आलं की आधी ती रेघ बोटानं चाचपायची, मग वाचायला कोणाला तरी बोलवायची. आत घालताना बसवराजला वाटलं कोपऱ्यात राख लागलीय. त्यानं ती पुसून मग टाइप केलं. तो तसा नीटनेटका. हे त्याला सांगितलेलं नाही. अक्षरांबरोबर अंगठेही गेले हे कळलं तर तो परत चार दिवस जेवायचा नाही.

पण त्या एकसष्टांनंतर आलेली दोन कार्डं नदीत गेली नाहीत, ती माझ्या उशाखाली होती. दिवाळीचं आणि संक्रांतीचं. दोन्हीत सर्व खुशाल आहे. दोन्हीत अंगठा नाही. महानंदाकडून भिंगातून बघून घेतलं.

मन्मथअप्पा, हे तू वाचायलास, हे मला ठाऊक आहे. तुझ्यावर माझा काही आळ नाही. तू आईचाच पोरगा, तुलाही वाटत असेल की मावशीला कशाला घोर. पण आता एवढं कर. हा कागद आईच्या खाटेजवळ बसून वाच, इथवर सगळा, गिळू नको. मग पाकिटात एक कोरं कार्ड आहे, त्यावर वालूरचा पत्ता महानंदानं लिहून ठेवलाय. त्यावर तू एक अक्षरही लिहायचं नाहीस. खुशाल नाही, शरणार्थ नाही, काही नाही. तिचा हात धरावा लागला तर धर, पण अंगठा तिचाच पाहिजे. रेघ मी ओळखते, ती मीच पाडली आहे.

शिवरात्रीच्या आत कार्ड आलं तर मी इथं बसून ते नऊ आठवत बसेन. नाही आलं, किंवा त्यावर काही लिहिलेलं आलं, तर शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मी चुडाव्याच्या स्टेशनवर उतरते. बसवराज नको म्हणेल. त्याला मी सांगणार आहे की चटणी आणायला चालले.

महानंदा, आता वर जा आणि ती खुशालीची पहिली ओळ खोड.